साखरेचे पोते लपवावे का?

तुमच्या घरी मधाची बाटली असेल, तर आज ती उजेडात धरून पाहा. कदाचित तळाशी पांढरट, रवाळ थर बसलेला दिसेल. तो दिसला की घरातले कोणीतरी लगेच म्हणते, “साखर मिसळली आहे! फसवले आपल्याला.” आणि बाटली मोरीत रिकामी होते.

काही वर्षांपूर्वी मीसुद्धा असेच म्हणालो होतो. फरक एवढाच, की मी शिक्षक होतो आणि ते वर्गात म्हणालो होतो.

आमच्या शाळेची सहल महाबळेश्वरला गेली होती. तालुक्यातल्या एका वाडीत एक कुटुंब मधमाश्या पाळत असे. आजोबा, ज्यांना सारी वाडी ‘आबा’ म्हणे, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे. घरामागच्या उतारावर तीसेक पेट्या. येणाऱ्याजाणाऱ्याला ते पेट्या दाखवीत आणि ज्याला हवा त्याला मध विकत. आम्ही घाईत होतो. पेट्या लांबूनच पाहिल्या, मध घेतला आणि पुढच्या पॉइंटकडे निघालो. डिसेंबरात माझ्या बाटलीतला मध गोठला. मी ती बाटली वर्गात नेली, चाळीस मुलांपुढे धरली आणि सांगितले, “ही पाहा भेसळ. हिला म्हणतात साखरेचा पाक.” पुढच्या वर्षी आमची सहल त्या घरी गेली नाही. आमच्याकडून ऐकून गावातल्या आणखी एका शाळेचीही गेली नाही.

माझे म्हणणे साफ चूक होते. का, ते आधी पाहू.

मध म्हणजे मुख्यतः दोन साखरांचा अतिशय दाट द्राव. एक फ्रुक्टोज, म्हणजे फळसाखर आणि दुसरी ग्लुकोज, म्हणजे द्राक्षसाखर. फुलातल्या मकरंदात पाणी पुष्कळ असते आणि साखर बरीचशी सुक्रोजच्या, म्हणजे आपल्या उसाच्या साखरेच्या रूपात असते. माशीच्या शरीरातला इन्व्हर्टेज नावाचा विकर या सुक्रोजचे दोन तुकडे करतो. मग पोळ्यातल्या माश्या पंखांनी वारा घालून पाणी उडवतात. शेवटी पाणी साधारण पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरते. इतक्या थोड्या पाण्यात इतके ग्लुकोज खरे तर मावत नाही. रसायनशास्त्राच्या तासाला तुम्ही ‘अतिसंपृक्त द्रावण’ हा शब्द ऐकला असेल. मध हे त्याचे घरातले उदाहरण आहे. संधी मिळताच जादा ग्लुकोज स्फटिकांच्या रूपाने बाहेर पडते. पारा १४ अंश सेल्सिअसच्या आसपास असला की ही क्रिया सर्वांत जलद होते, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री साधारण तेवढ्याच गार असतात! ज्या फुलांच्या मधात ग्लुकोजचे प्रमाण अधिक, तो लवकर गोठतो. मोहरीचा मध तर काही आठवड्यांतच रवाळ होतो. म्हणजे माझ्या बाटलीत जे घडले, तो मधाचा स्वभावच होता. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवली असती, तर तो पुन्हा पातळ झाला असता.

आता तुम्ही म्हणाल, “मग खरा मध ओळखायचा कसा? आमची आजी तर घरच्या घरी परीक्षा घेते.”

या परीक्षा आपणा सर्वांना ठाऊक आहेत. मधाचा थेंब पाण्यात टाकला की तो न विरघळता तळाशी जातो. टिपकागदावर ठेवला तर पसरत नाही. मधात बुडवलेली वात पेटते. कुत्रा त्याला तोंड लावत नाही. आजीबद्दल पूर्ण आदर ठेवून मी तुम्हाला एक प्रयोग सुचवतो. स्वयंपाकघरात आईच्या किंवा बाबांच्या देखरेखीखाली साखरेचा चांगला दाट पाक करा आणि गार होऊ द्या. मग त्या पाकाचा थेंब पाण्यात टाका, टिपकागदावर ठेवा. पाकसुद्धा तळाशी जाईल, पाकसुद्धा पसरणार नाही. या परीक्षा पदार्थ किती दाट आहे, त्यात पाणी किती आहे, एवढेच सांगतात. तो माशीने केला की माणसाने, याचा त्यांना पत्ता नसतो.

यातून एक नियम शिका आणि तो मधापुरता ठेवू नका. कोणतीही कसोटी खऱ्या वस्तूवर लावून भागत नाही. ती मुद्दाम केलेल्या खोट्या वस्तूवरही लावून पाहावी लागते. खोट्याला जी नापास करत नाही, ती कसोटीच नव्हे.

प्रयोगशाळेत खऱ्या कसोट्या आहेत, पण तिथेही शर्यत चालूच असते. ऊस आणि मका या वनस्पती हवेतला कार्बन ज्या पद्धतीने बांधतात, ती बहुतेक फुलझाडांच्या पद्धतीहून वेगळी आहे. त्यामुळे उसाच्या व मक्याच्या साखरेत कार्बन-१३ या जड समस्थानिकाचे प्रमाण थोडे अधिक असते आणि ते मोजून भेसळ पकडता येते. हे कळल्यावर भेसळ करणारे तांदळाच्या पाकाकडे वळले, कारण तांदळाची पद्धत फुलझाडांसारखीच आहे! मग न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स ही अधिक बारकाईची परीक्षा पुढे आली. २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातल्या १३ नाममुद्रांचे मध तपासले. बहुतेक या परीक्षेत उतरले नाहीत, असे तिने जाहीर केले. कंपन्यांनी ते मान्य केले नाही. असा वाद मोठमोठ्या प्रयोगशाळांमध्ये चालतो, तिथे तुमची-आमची काडीपेटी आणि टिपकागद काय निवाडा करणार?

म्हणून माझे मत असे आहे, की मधाची परीक्षा बाटलीपाशी करण्याचा नाद आपण सोडावा आणि पेटीपाशी जावे. शाळांनी तर नक्कीच जावे. जी कुटुंबे आपले मधुमक्षिकापालन पाहुण्यांना खुले ठेवतात, ती आपल्याला केवळ मध विकत नाहीत. मध कसा होतो, हे तपासण्याची संधी ती आपल्याला देतात. ती संधी आम्ही घाईत दवडली आणि मग निकाल मात्र दिला.

चूक कळल्यावर मी एकटाच आबांकडे गेलो. जून महिना होता. मी गोठलेल्या मधाची हकीकत सांगितली, माफी मागितली. आबा हसले. म्हणाले, “गुरुजी, बाटलीकडं बघून काय कळतंय? पेटीकडं या.” आणि सुनेने जाळीची टोपी माझ्या हातात दिली.

त्या दिवशी मी काय पाहिले, ते थोडक्यात सांगतो. पेट्या सातेरी माश्यांच्या होत्या. आपल्याकडे आग्या, सातेरी, फुलोरी आणि डंख नसलेली लहानगी पोयाची माशी, अशा मधमाश्या आढळतात. यांपैकी आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळे बांधतात. सातेरी अंधाऱ्या ढोलीत अनेक समांतर पोळी बांधते, म्हणून ती पेटीत राहू शकते. युरोपातून आणलेली मेलिफेरा माशीही याच स्वभावाची. ती १९६० च्या दशकात आपल्या उत्तर भागात नीट रुजली आणि ती मध अधिक देते. पण महाबळेश्वरच्या डोंगरातली घरची माशी सातेरीच.

पेटीतल्या चौकटी एकेक करून उचलता येतात, यात एक मोठा शोध दडलेला आहे. १८५१ मध्ये अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांच्या लक्षात आले, की माश्या ठरावीक रुंदीची फट, सुमारे ६ ते ९ मिलिमीटरची, येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवतात. त्याहून लहान फट त्या डिंकासारख्या पदार्थाने बुजवतात आणि मोठ्या फटीत पोळे बांधतात. हे अंतर राखून चौकटी टांगल्या, तर त्या एकमेकींना चिकटत नाहीत. पुढे १८६५ मध्ये ह्रुश्का यांनी केंद्रोत्सारी बलाने मध काढण्याचे यंत्र केले. चौकट यंत्रात ठेवून फिरवली, की मध बाहेर फेकला जातो आणि पोळे शाबूत राहते. रिकामे पोळे पुन्हा पेटीत. पूर्वी मोहोळ जाळून, पिळून मध काढीत. त्यात अंडी, अळ्या आणि माश्या, सारेच मरत. विज्ञानाने माणसाला मध आणि माशी दोन्ही राखायला शिकवले, ते असे.

पेटीच्या खालच्या खणात पिल्ले होती. वरच्या खणात मधाची घरे. बरीच रिकामी, काही मेणाच्या पातळ झाकणांनी बंद केलेली. मध पिकला, म्हणजे त्यातले पाणी पुरेसे उडाले, की माश्या झाकण लावतात. प्रामाणिक मधपाळ बहुतेक घरे झाकली जाईपर्यंत थांबतो. कच्चा मध काढला तर तो आंबतो. हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही, डोळे लागतात.

आणि मग मला दिसले, ओसरीच्या कोपऱ्यात साखरेचे पोते!

मी गप्प झालो. आबांनी माझी नजर ओळखली. सून म्हणाली, “पाहुणे यायचे असले की आम्ही ते आत ठेवतो. बघितलं की लोक काय काय बोलत्यात. तुम्ही न सांगता आलात.” आबा म्हणाले, “राहू दे बाहेरच. गुरुजींना सांगू या.”

त्यांनी सांगितले ते असे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाचशे-सहाशे सेंटिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. या दिवसांत माश्यांना बाहेर पडता येत नाही. रानात मकरंदही फारसा नसतो. उन्हाळ्यात जांभूळ, हिरडा फुलतो, तेव्हा सुगी. कारवी फुलली तर पावसाळ्याच्या शेवटी मोठी सुगी, पण ती साधारण आठ वर्षांतून एकदा. मधल्या उपासाच्या दिवसांत पेटीत काही उरले नाही, तर सातेरी माश्या घर सोडून निघून जातात किंवा भुकेने मरतात. त्यांच्या मधातला वाटा आपणच घेतलेला असतो. म्हणून मधपाळ साखरेचा पातळ पाक करून पेटीत ठेवतो. तो माश्यांचा पावसाळ्याचा शिधा. फुलोरा सुरू होण्याच्या आधी हा शिधा बंद करायचा आणि सुगीचा मध काढायचा, ही रीत.

इथे नीट विचार करा, कारण मुद्दा बारीक आहे. माशीला साखर घालणे ही भेसळ आहे का? पावसाळ्यात, वसाहत जगवण्यासाठी घातली, तर नाही. गोठ्यातल्या गाईला वैरण घालावी, तसे ते आहे. पण ऐन सुगीत, मध वाढावा म्हणून साखर घातली, तर ती माश्या मधाच्या खणात साठवतील आणि आपण ती ‘मध’ म्हणून विकू. ती मात्र फसवणूक. साखर तीच, पोते तेच, माशीही तीच. फरक आहे तो केव्हा आणि कशासाठी घातली, यात. आणि हे ‘केव्हा’ बाटलीवर लिहिलेले नसते. ते पेटीपाशी गेल्यावर, मोकळेपणाने विचारल्यावरच कळते.

म्हणून शीर्षकातल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की पोते लपवू नये. पाहुण्यांना पेट्या दाखवणाऱ्या कुटुंबाने पोतेही दाखवावे आणि त्याचे कारण सांगावे. पण लगेच पुढचे वाक्यही म्हटले पाहिजे. ते पोते त्यांना लपवावेसे का वाटले? आमच्यासारख्यांमुळे. अर्धवट माहितीवर निकाल देणारे पाहुणे असले, की प्रामाणिक माणूसही दार लोटून घेतो. आणि एकदा सगळीच दारे लोटली गेली, की बनवाबनवी करणारा आणि सचोटीचा, यांत फरक करणार कसा?

याला काही आक्षेप घेतले जातात. तेही पाहू.

पहिला आक्षेप शिक्षकांचा आणि पालकांचा, की मुलांना माश्या चावल्या तर? ही काळजी रास्त आहे. ज्याला पूर्वी डंखाचा मोठा त्रास झाला आहे, त्याने पेट्यांजवळ जाऊ नये. बाकीच्यांनी अंगभर, फिकट रंगाचे कपडे घालावेत, अत्तर लावू नये, पेटीच्या दारासमोर उभे राहू नये आणि हात झाडू नयेत. डंख झाला तर तो लगेच खरवडून काढावा. चेहरा सुजू लागला, धाप लागली किंवा चक्कर आली, तर थांबायचे नाही, सरळ दवाखाना गाठायचा. जाण्यापूर्वी जवळचा दवाखाना कोठे आहे, हे शिक्षकांनी माहीत करून घ्यावे.

दुसरा आक्षेप, की माणसांच्या गर्दीने माश्यांना त्रास होतो. होतो. पिल्लांचा खण माश्या ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास उबदार राखतात. पेटी उघडली की ती ऊब जाते. म्हणून दर तासाला पेटी उघडून दाखवणारे ठिकाण चांगले नव्हे. एकच पेटी, काही मिनिटे. बाकी पाहायला काचेच्या बाजूंची पेटी ठेवावी. तिच्यात माशीचे नृत्यही दिसू शकते. याच नृत्याची भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आणि जे कुटुंब “आज पेटी उघडणार नाही, हवा खराब आहे” असे सांगते, त्याच्यावर रागावू नका. त्यावर अधिक विश्वास ठेवा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. दहा पेट्या अंगणात मांडायच्या आणि बाहेरून आणलेला मध विकायचा, असेही कोणी करू शकेल. मग पेट्या पाहून काय सिद्ध होते? खरे आहे, नुसत्या पाहून काहीच सिद्ध होत नाही. पण तुम्हाला गुणाकार येतो ना? सातेरीच्या एका पेटीतून वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध मिळतो. सहा किलो धरा. तीस पेट्यांचे झाले १८० किलो, म्हणजे अर्ध्या किलोच्या ३६० बाटल्या. दुकानात बारा महिने रोज दहा बाटल्या खपत असतील, तर विचारा, “उरलेला मध कोठून येतो?” शेजारच्या मधपाळांकडून किंवा सहकारी संस्थेकडून घेतो, असे उत्तर असेल, तर त्यात गैर काही नाही. उत्तरच नसेल, तर तुम्ही समजून घ्या. काडीपेटीच्या परीक्षेपेक्षा हे गणित किती तरी खात्रीचे!

आणखी एक गोष्ट. पेट्या दाखवण्यासाठी कोणी पाच-पन्नास रुपये मागितले, तर “पाहायचेही पैसे?” असे म्हणू नका. दाखवण्यात त्यांचा दिवस जातो, तोही बहुधा सुगीचा. आपण सिनेमाला देतो, मग शिकवणाऱ्याला का देऊ नये? शिवाय माशीचा खरा नफा मधात नाहीच. सूर्यफूल, कारळा, मोहरी, कांद्याचे बी, अशा कितीतरी पिकांना परागीभवनासाठी माश्यांची मदत लागते. ज्या शिवारात फुलोऱ्यावर भर दुपारी विषारी औषध फवारले जाते, तिथे माश्या मरतात आणि नुकसान मधपाळाइतकेच शेतकऱ्याचेही होते. ही गोष्ट पुस्तकात वाचून विसरली जाते. पेटीच्या दारात पायांना पिवळे पराग चिकटलेली माशी उतरताना पाहिली, की विसरत नाही.

महाबळेश्वर तालुक्यातलेच मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातल्या पाटगावचेही नाव त्यात आले. पुण्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. म्हणजे पाहायला जाण्याजोगी ठिकाणे आहेत. प्रश्न आपल्या पाहण्याचा आहे.

तेव्हा येत्या सहलीच्या वेळी वहीत एवढे प्रश्न लिहून न्या. माशी कोणत्या जातीची? पेट्या किती? मध कोणत्या फुलांचा आणि कोणत्या महिन्यातला? घरे झाकली गेल्यावर काढला का? पावसाळ्यात साखर घालता का आणि ती कधी बंद करता? शेवटचा प्रश्न आदराने विचारा. चोर पकडल्याच्या सुरात विचारू नका. उत्तर ऐका, टिपून घ्या आणि मगच मत बनवा.

आबांकडून परत आल्यावर वर्गात माझी चूक सांगावी, असे मी ठरवले होते. पण जून उजाडला होता. ती चाळीस मुले दहावी होऊन शाळा सोडून गेली होती. जे मी त्यांना शिकवले, ते घेऊन ती आपापल्या वाटेला लागली. आता कोठेतरी, थंडीच्या दिवसांत, त्यांतला कोणी गोठलेल्या मधाची बाटली आपल्या मुलाला दाखवीत म्हणत असेल, “ही पाहा भेसळ. आमच्या सरांनीच सांगितले होते.”

त्यांच्यापैकी कोणाच्या मुलाच्या हाती हा अंक पडला, तर त्याने तो घरी वाचून दाखवावा.